पाप, पूर्वकर्म आणि अन्यायाचे उत्तरदायित्व

ख्रिस्ती धर्ममताचा विचार करताना आपल्याकडील बौद्ध अभ्यासकाची एक अडचण होते. ‘पाप’ हा शब्द त्याला लहानपणापासून परिचित असतो. त्यामुळे त्याचा ख्रिस्ती अर्थही आपणास ठाऊक आहे, असे तो गृहीत धरतो. सावलीच्या पूर्वेस वैनगंगा वाहते. नदीच्या पलीकडे मार्कंडा येथे महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते आणि तेथील स्नानाने पाप जाते अशी भाविकांची श्रद्धा असते. येथे पाप म्हणजे अंगास चिकटलेला मळ होय. या कल्पनेचा समाचार मज्झिमनिकायातील वत्थूपमसुत्तात तथागतांनी घेतलेला आहेच. आणि थेरीगाथेतील पुण्णिकेने तर स्नानाने पाप धुतले जात असेल तर बेडूक व कासवे प्रथम स्वर्गास जातील, असे सांगून कडाक्याच्या थंडीत नदीत उतरलेल्या ब्राह्मणास निरुत्तर केले आहे.

ख्रिस्ती पाप मात्र असा मळ नव्हे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘हामार्तिया’ याचा धात्वर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. पाप म्हणजे एखादे दुष्कृत्य एवढेच नसून मनुष्य व ईश्वर यांच्यातील संबंधच तुटलेला असण्याची अवस्था होय. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात या अवस्थेचा आरंभ आदामापाशी नेला. पुढे उत्तर आफ्रिकेतील ऑगस्टीन (इ. स. ३५४–४३०) याने तो दोष जन्माबरोबरच वारशाने येतो असे प्रतिपादन केले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेस दोषाचा हा वारसा मान्य नाही. भारतात आलेल्या पाश्चात्त्य मिशनांनी मात्र ऑगस्टीनचीच परंपरा आणली. मनुष्य मुळातच असा बद्ध असेल, तर तो स्वतःच्या बळावर सुटणार नाही हे उघड आहे. म्हणून तारणारा हवा. मराठी बायबलात ख्रिस्ताच्या आत्मबलिदानासाठी ‘खंडणी’ हा शब्द योजलेला आहे. मराठी वाचकास तो वाचून मुलूखगिरीवर निघालेले सरदार आठवतील. परंतु अभिप्रेत अर्थ आहे तो दास किंवा बंदिवान सोडविण्यासाठी भरलेल्या मोलाचा.

दोन्ही परंपरांतील अंतर दोन गुन्हेगारांच्या कथांतून स्पष्ट होते. लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताबरोबर क्रुसावर खिळलेल्या एका अपराध्यास त्याच दिवशी स्वर्गलोकाचे आश्वासन मिळते. अंगुलिमालाची कथा निराळी आहे. तो प्रव्रजित होतो, अर्हत्पदास पोहोचतो. तरीही श्रावस्तीत भिक्षाटन करताना त्याच्यावर दगड पडतात आणि तो रक्तबंबाळ होऊन तथागतांकडे येतो. तथागत त्यास सहन करण्यास सांगतात. त्याच्या वतीने मोल भरणारा कोणी नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांतही नवजन्माचा उच्चार आहे. पण ‘मी पापी आहे’ अशी कबुली त्यांत कोठेही नाही.

बाबासाहेबांचा ख्रिस्ती पापकल्पनेवरील आक्षेप धर्मशास्त्रीय नव्हता, सामाजिक होता. ‘दि कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट’ हा त्यांचा लेख महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केला. मनुष्याच्या अधःपतनास त्याचे पाप कारणीभूत आहे अशी शिकवण दिल्यास, प्रतिकूल सामाजिक परिस्थिती हेच खरे कारण असल्याची जाणीव अस्पृश्यास राहत नाही आणि ती परिस्थिती बदलण्याची त्याची उभारी जाते, हा त्यांचा मुद्दा होय. धर्मांतरितांमधील जातिभेद चर्चला मोडता आला नाही, हेही त्यांनी तेथेच दाखविले.

येथवर वाचून आपल्यापैकी अनेकांस समाधान वाटेल. परंतु ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच आक्षेप पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर घेतला आहे. दीनदुबळ्यांच्या अवस्थेचे उत्तरदायित्व राज्यास व समाजास टाळता यावे, यापलीकडे या सिद्धान्ताचे प्रयोजन त्यांस दिसत नव्हते. आदामाचे पाप आणि मागल्या जन्मीचे पाप, दोहोंतही भोगणाऱ्यावरच ठपका येतो. आपल्या वस्त्यांतून एखादे मूल दगावले किंवा धान बुडाले की ‘मागच्या जन्माचे भोग’ असे अजूनही म्हटले जाते, आणि म्हणणारे बुद्धवंदनाही नेमाने करतात! वास्तविक अंगुत्तरनिकायातील तित्थायतनसुत्तात सर्व सुखदुःख पूर्वकृत कर्मामुळेच होते हे मत तथागतांनी स्पष्टपणे नाकारले आहे. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात तर पित्त, कफ, वात, ऋतू इत्यादी आठ कारणे गणून त्यांत कर्मविपाकास केवळ एक जागा दिली आहे.

दरम्यान ख्रिस्ती विचार एका जागी थांबलेला नाही. १९६८ साली कोलंबियातील मेडेलिन येथे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी अन्याय्य समाजरचना हीच पापमय अवस्था असल्याचे म्हटले. भारतात अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणापासून दलित ईश्वरशास्त्राचा आरंभ मानला जातो. पाप आता दलिताच्या ठायी नव्हे, तर त्याला दलित करणाऱ्या व्यवस्थेत शोधले जाऊ लागले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या सदस्यांच्या गतकालीन अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांनी दलितविषयक धोरण प्रसिद्ध करताना चर्चमध्येही अस्पृश्यता पाळली गेल्याचे मान्य केले. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. धर्म बदलल्याने पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय पुसला जात नाही, हा जो युक्तिवाद आपण आपल्यासाठी केला, तोच त्यांचा आहे.

सामूहिक अपराधाची अशी कबुली बौद्ध परिभाषेत मांडणे मात्र सोपे नाही. कर्म म्हणजे चेतना. आजोबाने पाणवठा बंद केला, त्यात नातवाची चेतना नव्हती. मग नातू उत्तरदायी कसा? माझ्या मते आजोबाचे कर्म नातवाचे होत नाही. परंतु त्या कर्माने मिळालेली जमीन, मान आणि मौन तो जाणूनबुजून राखतो, तेव्हा ती त्याची स्वतःची चेतना असते. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्त याहून पुढे जाते. तेथे राजा रक्षणाची व्यवस्था करतो, पण निर्धनांस धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, वध आणि असत्य वाढत जाते, आणि पिढीगणिक आयुष्यमान घटते. ज्यांनी काही केले नाही अशी मुलेही त्या घटलेल्या आयुष्यातच जन्मास येतात. शेवटी सात दिवसांच्या संहारातून रानावनांत, नदीच्या दुर्गम काठांवर लपून वाचलेली माणसे बाहेर येतात, परस्परांस जिवंत पाहून मिठी मारतात आणि निदान प्राणिहिंसा तरी सोडू या, असे ठरवितात. त्यांचे स्वतःचे आयुष्य दहाच वर्षांचे असते. त्यांच्या मुलांस वीस वर्षे लाभतात.