दर कोणत्या मुदतीचा?

घातांकी वाढीच्या शाब्दिक उदाहरणात दर वेळी तेवढीच भर पडत नाही, तोच गुणक लागतो. आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकताना हेच येते: रास = मुद्दल × (१ + दर/१००)^मुदत. मुद्दलाच्या जागी लोकसंख्या ठेवली की सूत्र तसेच चालते. घसाऱ्यात फक्त अधिकाचे वजा होते.

सौंदडच्या विद्यार्थ्याला पुस्तकातले काल्पनिक शहर कशाला हवे? त्याच्या गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत १२,००,७०७ होती, २०११मध्ये १३,२२,५०७ झाली. याच वेगाने २०२१मध्ये किती भरेल? वाढलेले १,२१,८०० पुन्हा मिळवले तर १४,४४,३०७ येतात. पण वाढलेल्या माणसांनाही मुले होतात, म्हणून आधी गुणक काढायचा: १३,२२,५०७ ÷ १२,००,७०७ = १.१०१४४. त्याने गुणले की उत्तर सुमारे १४,५६,६६२. फरक बारा हजारांवर जातो.

खरी गफलत पुढे होते. दहा वर्षांत १०.१४ टक्के, म्हणून वर्षाला १.०१४ टक्के, असे मुले सर्रास लिहितात. ताळा करून पाहावा: १.०१०१४ने दहा वेळा गुणल्यास वाढ १०.६ टक्के होते आणि २०११चा आकडा साडेपाच हजारांहून जास्त फुगतो. दहाने भागायचे नसते, १.१०१४४चे दहावे मूळ काढायचे असते. ते १.००९७ येते, म्हणजे वर्षाला ०.९७ टक्के. तेव्हा उदाहरण वाचताना दराखाली रेघ ओढावी, त्याच्या मुदतीखाली दोन.

‘दुप्पट कधी होईल?’ असे विचारले तर मुदतच अज्ञात असते आणि ती घातांकात बसलेली असते. तिला लॉगॅरिदमने खाली आणावे लागते. अंदाजापुरते ७०ला टक्क्यांनी भागले तरी भागते: ७० ÷ ०.९७, म्हणजे सुमारे ७२ वर्षे. व्याजाच्या हिशेबात ७२चा आकडा वापरतात, तो आठ टक्क्यांच्या आसपास चांगला बसतो. एवढ्या छोट्या दराला ७० बरा.

‘याच वेगाने’ हे शब्द मात्र अट आहेत, भाकीत नव्हे. महाराष्ट्राची लोकसंख्या १९९१ ते २००१मध्ये २२.७३ टक्क्यांनी वाढली. तोच दर पुढे धरला असता २०११मध्ये ११ कोटी ८९ लाख व्हायला हवी होती. मोजली तेव्हा ११ कोटी २४ लाखांच्या आसपास भरली.