‘इच्छुक’ ऱ्हस्व का?

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत इच्छापूर हे गाव आहे. तेथील टेकडीवरच्या इच्छादेवीला नवस बोलायला आणि फेडायला खानदेशातूनही भाविक जातात. हिंदीत या गावाचे नाव ‘इच्छापुर’ असे लिहितात. मूळ संस्कृत शब्द ‘पुर’ असाच असला, तरी गावाच्या नावाअखेरचा ‘पूर’ दीर्घ लिहावा, असा मराठीचा स्वतंत्र नियम आहे. म्हणून आपण ‘इच्छापूर’ लिहितो. मग इच्छेपासूनच झालेले विशेषण ‘इच्छुक’ की ‘इच्छूक’?

उत्तर ‘इच्छुक’ असेच आहे. अकारान्त शब्दातील उपान्त्य उकार मराठीत दीर्घ होतो. त्यामुळे फारसीतून आलेला शब्द ‘नाजूक’ झाला. तत्सम शब्द मात्र संस्कृतातल्याप्रमाणेच राहतात: भावुक, उत्सुक, इच्छुक. वाढदिवसाच्या फलकांना हे कोणी सांगितलेले दिसत नाही. तेथे ‘शुभेच्छूक’ सुखेनैव नांदतात.

‘इष्’ म्हणजे इच्छिणे. या धातूपासून ‘इच्छा’ आणि ‘इच्छु’ ही रूपे झाली. ‘इच्छु’ हे रूप पाणिनीने अष्टाध्यायीत सिद्धच दिले आहे. त्याला ‘क’ जोडून ‘इच्छुक’ झाला. इंग्रजीतील ‘आस्क’ आणि मागणी करणे या अर्थाचे डच क्रियापद ‘एइसेन’ ही याच प्राचीन मुळाची दूरची भावंडे होत.

अर्थाची गल्लत अधिक गंभीर. इच्छा करणारा तो इच्छुक, जे हवे ते इच्छित आणि जे इच्छेवर सोडले आहे ते ऐच्छिक. ‘ऐच्छिक विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत’ अशी सूचना निघाली, तर विद्यार्थीच वैकल्पिक ठरतात! विषय ऐच्छिक असतो, विद्यार्थी इच्छुक.

‘चांगला’प्रमाणे हे विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही. इच्छुक पुरुष, इच्छुक स्त्री, इच्छुक मुले. हिंदीत ‘चुनाव लड़ने का इच्छुक’ म्हणतात. मराठीत मात्र ‘निवडणूक लढवण्यास इच्छुक’ असे चतुर्थीचे रूप येते. नाम म्हणून वापरल्यास त्याला विभक्ती लागते. गोव्यात विधानसभेच्या जागा 40. ‘इच्छुकांची’ संख्या त्याहून नेहमीच मोठी.

संधी होऊन ‘विवाहेच्छुक’ही होतो. अस्सल मराठी ‘लग्नाळू’चा अर्थ जवळपास तोच, पण त्यात थट्टेची छटा असल्याने वधूवरांच्या जाहिरातीत तो सहसा कोणी छापत नाही.