भोपाळचे तळे आणि भोपाळची विंधणविहीर

भोपाळचे मोठे तळे अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून निर्माण केले, अशी परंपरा आहे. सुमारे ३६१ चौरस किलोमीटर मुलखावरील पाऊस त्यात उतरतो. २००२ साली रामसर करारान्वये त्याची जागतिक महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत नोंद झाली. शहराच्या काही भागाची तहान ते आजही भागविते. वाढत्या वस्तीसाठी मात्र कोलार आणि नर्मदा या नद्यांचे पाणी आणावे लागले.

असे वैभव लाभलेल्या शहराच्या उत्तर भागातील कित्येक वस्त्यांना मात्र आपल्या पायाखालचे पाणी वर्ज्य करावे लागले. हे कसे घडले, हे समजण्यासाठी पाणी दोन प्रकारे नासते, हे ध्यानी घ्यावे लागते.

पहिला प्रकार मैल्याचा. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीची साथ ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपापर्यंत नेऊन भिडविली, तेव्हापासून हा शत्रू ओळखीचा झाला. पाणी उकळले, त्यात क्लोरीन घातले, मैलापाणी बंद गटारातून दूर नेऊन शुद्ध केले, की तो हटतो. उपाय ठाऊक असूनही २०२२ साली जगातील सुमारे ३५० कोटी लोक सुरक्षित स्वच्छता-व्यवस्थेला पारखे होते. भोपाळातही १७९४ साली बांधलेल्या छोट्या तळ्यात शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे मिसळत आले आहे.

दुसरा प्रकार रसायनांचा, आणि येथे चूल व क्लोरीन दोन्ही निरुपयोगी ठरतात. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कीटकनाशके तयार होत. त्यांचा टाकाऊ माल आवारातील खड्ड्यांत पुरला जाई, आणि सांडपाणी उन्हाने आटावे म्हणून बाहेरच्या तळ्यांत सोडले जाई. पावसाचे पाणी या टाकाऊ मालातून झिरपत खाली उतरले व क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये भूजलात पोचली. नदी वाहत असते, म्हणून ती काही अंशी स्वतःला धुते. भूजलाची गती अतिमंद, तेथे ऊन नाही, वारा नाही. जड द्रव्ये तळाशी बसून वर्षानुवर्षे थोडीथोडी विरघळत राहतात. चवीला व वासाला पाणी कित्येकदा निर्दोषच वाटते.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती आणि हे जलदूषण यांची लोक नेहमी गल्लत करतात. वायूने एका रात्रीत हजारो माणसे घेतली; पाण्यातील विषाची कहाणी त्या रात्रीच्या आधीच सुरू झाली होती, आणि वायू विरून गेल्यावरही ती थांबली नाही.

२००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश दिला. पुढे टप्प्याटप्प्याने नळ आले. ज्या घरांत हातपंपाचा दांडा हाच पाण्याचा आधार होता, तेथील बायकांना त्यासाठी मोर्चे काढावे लागले, दिल्लीपर्यंत पायी जावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये आवारात साठविलेला सुमारे ३३७ टन विषारी माल पीथमपूरला नेण्यात आला आणि त्याच वर्षी तो जाळण्यात आला. तो गोदामात बांधून ठेवलेला माल होता. खड्ड्यांतली माती आणि तिच्याखालचे पाणी त्या हिशेबात धरलेले नव्हते.