मिलिंद महाविद्यालय : प्रश्न विचारण्याचा वारसा

जामनेरहून पहूर-फर्दापूरमार्गे अजिंठ्याचा घाट चढून गेले की औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर) रस्ता लागतो. ज्या वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी कोरली गेली, तीच नदी पुढे आपल्या तालुक्यातून वाहते. त्या लेण्यांतील बहुसंख्य लेणी म्हणजे विहार, भिक्खूंची निवासस्थाने होत. मध्ये सभामंडप आणि भोवती राहण्याच्या खोल्या अशी त्यांची रचना आहे. राहणे आणि शिकणे एकाच छताखाली असावे, ही कल्पना आपल्या भूमीला नवी नाही. आपली निवासी शाळा याच परंपरेतील आहे आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले मिलिंद महाविद्यालयही. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या महाविद्यालयाचा इतिहास समजून घेणे म्हणूनच उचित ठरेल.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. तिचे पहिले महाविद्यालय म्हणजे 20 जून 1946 रोजी मुंबईत सुरू झालेले सिद्धार्थ महाविद्यालय. तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले, कारण दिवसभर नोकरी करून पोट भरणाऱ्या तरुणालाही पदवी मिळाली पाहिजे, असा त्यामागे विचार होता. वेळापत्रक हीसुद्धा सामाजिक न्यायाची बाब असू शकते, हे बाबासाहेबांनी कृतीने दाखवून दिले.

मुंबईनंतर त्यांनी मराठवाड्याची निवड केली, त्यालाही कारण होते. खानदेशात 1945 साली अमळनेरला प्रताप महाविद्यालय आणि जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय सुरू झाले होते. मराठवाडा मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राजवटीत होता आणि तेथे उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यंत तोकड्या होत्या. जेथे गरज सर्वाधिक, तेथे संस्था उभी करायची, हा बाबासाहेबांचा हिशेब होता. जून 1950 मध्ये औरंगाबादेत कला व विज्ञान महाविद्यालय सुरू झाले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. म. भि. चिटणीस हे पहिले प्राचार्य. पुढे महाविद्यालयाला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव मिळाले.

ही दोन्ही नावे नीट समजून घेतली पाहिजेत. मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल. वादविवादात त्याच्यासमोर कोणी टिकत नसे. अखेर भिक्खू नागसेनांशी त्याची गाठ पडली. या संवादाचा ग्रंथ म्हणजे पालीतील ‘मिलिंदपञ्ह’. राजाने ‘नागसेन म्हणजे नेमके कोण?’ असे विचारले, तेव्हा नागसेनांनी त्याला त्याच्याच रथाविषयी प्रतिप्रश्न केला. चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? एकेक भाग पाहिला तर रथ कोठेच सापडत नाही. सर्व भाग एकत्र आले की आपण त्या जुळणीला रथ म्हणतो. माणसाचेही तसेच आहे. राजाने हे मान्य केले, आणि पुढे तो बुद्धाचा उपासक झाला, असे परंपरा सांगते. प्रश्न निर्भयपणे विचारायचा आणि उत्तर पटले की सत्ता व अहंकार बाजूला ठेवून ते स्वीकारायचे, ही बौद्धिक प्रामाणिकता विद्यार्थ्यांच्या अंगी यावी, म्हणून बाबासाहेबांना हे नाव भावले.

शैक्षणिकदृष्ट्या आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. नव्या संस्थेला केवळ कला शाखा उघडणे स्वस्त पडते. विज्ञानासाठी प्रयोगशाळा, उपकरणे, रसायने लागतात. तरीही येथे आरंभापासून दोन्ही शाखा होत्या. वंचितांच्या मुलांनी स्वस्तात मिळेल तेवढेच शिकावे, ही कल्पनाच बाबासाहेबांनी नाकारली. महाविद्यालयाची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती. अनुसूचित जातींसाठी 1944 पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांची जोड मिळाल्यामुळे खेड्यातील मुलगा शहरात टिकू लागला.

टिकलेला विद्यार्थी बोलू लागला. प्राचार्य चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक येथील विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे तरुणांचे लक्ष वेधले. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ सुरू झाले आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ मिळाले. 1958 साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला, पण नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती घरे जळाली, किती जीव गेले, हे आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. त्या लढ्यात नागसेनवनाची वसतिगृहे अग्रभागी होती. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, त्यांची मुले विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न विचारीत होती. मिलिंद हे नाव सार्थ झाले ते असे.

आता आपल्याकडे वळू. निवासी शाळेत मूल असेपर्यंत त्याला जेवण, अंथरूण, अभ्यासाची घंटा आणि सायंकाळची वंदना मिळते. दहावी-बारावीनंतर हे छत्र एकाएकी निघून जाते. शिष्यवृत्तीचे पैसे हाती पडेपर्यंत खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल थांबत नाही. घरी कापूस वेचणीचे दिवस असतात. मुलीच्या बाबतीत तर स्थळे यायला लागलेली असतात. हुशारी कमी पडली म्हणून शिक्षण सुटणारी मुले मी वर्गात फार थोडी पाहिली. राहण्याची सोय झाली नाही म्हणून सुटणारी पुष्कळ पाहिली.

मिलिंदचा इतिहास यावर उत्तर देतो. बाबासाहेबांनी शाळा आणि पदवी यांच्यामधल्या दरीवर वसतिगृह, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांचा पूल बांधला. आपल्याला महाविद्यालय उभारता येणार नाही. परंतु जळगाव, धुळे, औरंगाबाद वा पुण्यात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्याला, आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका मुलाचे पहिले वर्ष निभावून नेता येईल. प्रवेशाचा अर्ज, जातीचे प्रमाणपत्र, वसतिगृहाची अंतिम तारीख, शिष्यवृत्ती येईपर्यंतचे तीन-चार महिने, एवढीच ही जबाबदारी आहे. पालकांनाही नम्र विनंती आहे की, बारावी हा शेवट मानू नका, मुलीसाठी तर मुळीच नाही. आणि आपले मूल सुटीत घरी येऊन अवघड प्रश्न विचारू लागले, तर त्याला गप्प करू नका. त्याचे शिक्षण योग्य मार्गाने चालले आहे, असे समजा.

नमो बुद्धाय! जय भीम!