माजी सैनिकांच्या दवाखान्यातला न दिसणारा डॉक्टर

दवाखान्यात गेलो की केसपेपर काढणारा कारकून दिसतो, सिस्टर दिसते, तपासणारा डॉक्टर दिसतो. एक्स-रे काढायला गेलो तर 'श्वास धरा, आता सोडा' असे सांगणारा टेक्निशियन दिसतो. पण काढलेली ती फिल्म वाचतो कोण? तो डॉक्टर बहुतेक रोग्यांना कधी दिसतच नाही. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून तो एकामागून एक फोटो पाहतो आणि चार-सहा ओळींचा रिपोर्ट लिहितो. त्या ओळींवर ऑपरेशन होते किंवा टळते, औषध सुरू होते किंवा बंद होते. या डॉक्टरला रेडिओलॉजिस्ट म्हणतात. माजी सैनिकांच्या रुग्णालयात तो कसे काम करतो, हे आम्ही आज वाचकांना सांगणार आहोत.

हाच विषय का, असे कुणी विचारील. आपल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी लष्करी गणवेशातील आजोबांचा किंवा काकांचा फोटो असतो. बाबासाहेबांचा जन्मच १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते. पुढे इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली आणि मोठ्या झगड्यानंतर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. सैनिकाने नोकरी केली, निवृत्त झाला, पुढे त्याच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न आपल्या घरातला आहे. त्यासाठी आधी अमेरिकेकडे पाहू, कारण माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे फार मोठे जाळे तिथे आहे.

जुन्या जखमांचे वाचन

अमेरिकेत १९३० साली माजी सैनिकांसाठी स्वतंत्र सरकारी प्रशासन स्थापन झाले आणि १९८९ साली त्याला केंद्रीय खात्याचा दर्जा मिळाला. आज या खात्याची सुमारे १७० मोठी रुग्णालये आहेत आणि ९० लाखांहून अधिक माजी सैनिकांची नोंद त्यांच्याकडे आहे. या रुग्णालयात येणारा रोगी साधारण रोग्यापेक्षा वेगळा असतो. त्याच्या शरीरात त्याची नोकरी लिहिलेली असते.

छातीचा एक्स-रे पाहताना फुप्फुसाच्या आवरणावर चुन्यासारखे पांढरे डाग दिसले, तर रेडिओलॉजिस्टच्या मनात प्रश्न येतो, हा माणूस नौदलात होता काय? जुन्या जहाजांच्या इंजिनघरात नळांना ॲस्बेस्टॉस गुंडाळलेले असे. त्याचे बारीक तंतू श्वासातून आत जातात आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी रोग डोके वर काढतो. ओझे पाठीवर घेऊन चाललेल्याचे गुडघे आणि विमानातून छत्रीने उड्या मारलेल्याचे मणके झिजलेले दिसतात. कुणाच्या मांडीत बॉम्बगोळ्याचा तुकडा पन्नास वर्षे तसाच राहिलेला असतो.

हा तुकडा पाहणे गरजेचे असते. एमआरआयच्या यंत्रात अतिशय जोरदार लोहचुंबक असते. शरीरात पोलादी तुकडा असेल तर तो जागचा हलू शकतो. डोळ्यात असेल तर दृष्टीच जाऊ शकते. म्हणून डोळ्यात धातू असल्याची शंका आली की आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात आणि रेडिओलॉजिस्टने 'धातू नाही' असे लिहिल्यावरच एमआरआय करतात. रोग्याला ही एक ओळ कधी कळतही नाही, पण तिने त्याचा डोळा वाचवलेला असतो.

सिगारेटचे उदाहरण घ्या. अमेरिकन सैनिकाच्या शिध्याच्या डब्यात १९७५ पर्यंत सरकारच सिगारेट घालून देत असे! विशी-पंचविशीत लागलेली ती सवय पुढे अनेकांच्या फुप्फुसावर उठली. जास्त धूम्रपान केलेल्यांची कमी किरणांच्या सीटी स्कॅनने तपासणी केली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन पाहणीत दिसून आले. अशा स्कॅनमध्ये कधी मुगाच्या दाण्याएवढी लहान गाठ दिसते. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ती वाढली का, हे पाहावेच लागते. म्हणून रेडिओलॉजिस्टचे अर्धे काम तुलनेचे असते. आजच्या फोटोशेजारी मागच्या वर्षीचा फोटो ठेवायचा. जुना फोटो हरवला की हे वाचन अर्धवट राहते.

या कामात माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी सगळ्यांना वाट दाखवली. बाल्टिमोर शहरातील त्यांच्या रुग्णालयाने १९९३ साली फिल्म बाजूला ठेवून सगळे फोटो संगणकावर घेतले. फिल्मशिवाय चालणारा हा अमेरिकेतील पहिला क्ष-किरण विभाग मानला जातो. फिल्म हरवण्याची आणि पाकिटे शोधत फिरण्याची कटकट तिथे संपली.

रिपोर्ट हा हक्काचा पुरावा

आपल्याकडे 'कट' हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. रोगी पाठवायचा आणि टक्केवारी घ्यायची. त्या सरकारी रुग्णालयातला डॉक्टर पगारी असतो. एक स्कॅन जास्त केला म्हणून त्याच्या खिशात जास्त पैसे येत नाहीत. म्हणून गरज नसलेल्या तपासणीला 'नको' म्हणणे त्याला सोपे जाते.

पण त्याच्या लेखणीवर दुसरा भार असतो. नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची तिथे दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी शंभरपर्यंत मोजणी होते आणि त्यानुसार दरमहा भरपाई मिळते. सांध्यांच्या झिजेबाबत तर नियमातच एक्स-रेचा पुरावा मागितलेला आहे. टक्केवारी रेडिओलॉजिस्ट ठरवत नाही, पण 'दोन्ही गुडघ्यांत झीज आहे' असे त्याने स्पष्ट लिहिले की ते वाक्य म्हाताऱ्या सैनिकाच्या घरच्या चुलीपर्यंत पोचते.

आणि फोटोत काहीच दिसले नाही तर? इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकन छावण्यांचा कचरा, प्लास्टिक, रसायने उघड्या खड्ड्यांत जाळली जात. तिथून परतलेले तरुण सैनिक पूर्वी मैलोनमैल धावत, आता त्यांना थोड्याशा श्रमाने धाप लागू लागली. बहुतेकांचा छातीचा एक्स-रे स्वच्छ. २०११ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अशा सैनिकांची पाहणी छापून आली. ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा ३८ जणांच्या अगदी बारीक श्वासनळ्या आकसलेल्या आढळल्या. दुखणे खरे होते, फोटो अपुरा होता. अखेर २०२२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि अशा धुराचा संपर्क आलेल्या सैनिकांना हा आजार झाल्यास तो नोकरीमुळेच झाला असे धरले जाऊ लागले. 'फोटोत दिसत नाही' याचा अर्थ 'माणूस खोटे बोलतो' असा होत नाही. चांगला रेडिओलॉजिस्ट हे जाणतो आणि तसेच लिहितो.

रक्त चालले, हात चालला नाही

या रुग्णालयांचा सगळाच इतिहास उजळ नाही. पहिल्या महायुद्धात लाखो काळे अमेरिकन सैन्यात होते. परत आल्यावर दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांना दवाखान्यात धड जागा मिळेना. अखेर १९२३ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे त्यांच्यासाठी वेगळे रुग्णालय उघडले. रोगी काळे, पण डॉक्टर आणि अधिकारी गोरेच हवेत, असा गावातल्या गोऱ्यांचा हट्ट. गोऱ्या नर्सने काळ्या रोग्याला हात लावणे त्या राज्याच्या कायद्यात बसत नव्हते. म्हणून नर्स गोरी नेमायची आणि शिवायचे काम तिच्या हाताखालच्या काळ्या बाईने करायचे, अशी योजना होती. पगार एकीचा, काम दुसरीचे! वाचकहो, हा विटाळ आपल्याला ओळखीचा वाटत नाही काय?

टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन आणि काळ्या डॉक्टरांची संघटना मागे हटली नाही. कू क्लक्स क्लॅनने जुलै १९२३ मध्ये मोर्चा काढून दहशत घातली, तरीही १९२४ साली डॉ. जोसेफ वॉर्ड हे काळे डॉक्टर त्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. सैनिकाचे रक्त देशाला चालते, मग त्याच समाजाच्या डॉक्टरचा हात का चालत नाही? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी झगडून मिळवले.

अलीकडेही डाग लागलेच. २०१४ साली फिनिक्स येथील रुग्णालयात प्रतीक्षा याद्या लपवल्याचे उघडकीस आले आणि खात्याच्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. यंत्र कितीही मोठे असो, रोग्याचा नंबर लागला नाही तर ते निरुपयोगी. हक्क कागदावर मिळतो, तो रोज राखावा लागतो.

आपल्या घरासाठी

आपल्या देशात निवृत्त सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. तिला ईसीएचएस म्हणतात. पेन्शनधारक सैनिकाने सभासद व्हायचे, तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचे आणि गरज पडली तर तिथून चिठ्ठी घेऊन लष्करी किंवा यादीतल्या खासगी रुग्णालयात जायचे. घरात माजी सैनिक किंवा त्यांची विधवा पत्नी असेल तर त्यांचे कार्ड निघाले आहे का, हे आजच विचारा.

माताभगिनींनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुने एक्स-रे, सीडी आणि रिपोर्ट रद्दीत देऊ नयेत. तारखेप्रमाणे पिशवीत ठेवावेत आणि नव्या तपासणीला जाताना सोबत न्यावेत. अंगात गोळी, तुकडा, सळई किंवा पेसमेकर असेल तर एमआरआयपूर्वी न विचारताही सांगावे. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर एक्स-रेपूर्वी सांगावे. 'कंबर दुखते' एवढ्यावर थांबू नये. कुठे नोकरी केली, काय उचलले, कसला धूर गिळला, तेही सांगावे, कारण अंधाऱ्या खोलीतल्या डॉक्टरपर्यंत आपली हकिकत चिठ्ठीतूनच पोचते. रिपोर्टची प्रत मागून घ्यावी. त्यात 'पुन्हा तपासणी करावी' असे लिहिले असेल तर ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणेने लिहून ठेवावी.

आणि आपल्या मुलामुलींना या क्षेत्राची माहिती द्या. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा एमडी अभ्यासक्रम केला की रेडिओलॉजिस्ट होता येते. तेवढे शक्य नसेल तर बारावी विज्ञाननंतर क्ष-किरण टेक्निशियनचे शिक्षण आहे, आणि त्या कामालाही मान आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसते, जात दिसत नाही. पण ते हाड वाचणारा माणूस कोण असावा, हे समाज ठरवतो. त्या खुर्चीवर उद्या आपल्या वस्तीतली एखादी मुलगी बसलेली असावी आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर एखाद्या म्हाताऱ्या सुभेदाराचे गुडघे असावेत. ती ते नीट, सावकाश आणि खरे वाचील, याची आम्हाला खात्री आहे.