नाव नीट ठेवा, नाहीतर लोक नावं ठेवतील

तुमच्या स्वयंपाकघरात एक तरी डबा असा असणार, ज्यावर लिहिलंय बोर्नव्हिटा आणि आत आहे साबुदाणा. तुम्हाला ते माहीत आहे, त्यामुळे काही अडत नाही. अडतं कधी? तुम्ही चार दिवस माहेरी जाता आणि मागे घरच्यांना खिचडी करायची हुक्की येते तेव्हा. मग फोनवर फोन.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींचं दुखणं अगदी हेच आहे. प्रोग्राममध्ये माहिती ठेवायचे जे डबे असतात त्यांना व्हेरिएबल म्हणतात, आणि एखादं काम करून देणाऱ्या तुकड्याला फंक्शन. दोघांचीही बारशी करावी लागतात. गंमत अशी की ही नावं कॉम्प्युटरसाठी नसतात. त्याला 'क' काय आणि 'जमा_रक्कम' काय, सारखंच. नाव असतं ते तो कोड नंतर उघडणाऱ्या माणसासाठी.

मी बी.ए. इंग्रजीवाली, कोडिंग माझा प्रांत नाही. पण कोलकात्यात सॉफ्टवेअरवाल्यांसाठी लिहिता लिहिता एक लक्षात आलं: ही माणसं कोडपेक्षा नावांवरून जास्त भांडतात. आणि हे भांडण आता तुमच्या घरातही येऊ शकतं, कारण अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेली मुलं पायथन शिकतात आणि प्रोजेक्ट गटात करतात. एकच कोड, चार जणांचे हात.

समजा, कोलकात्यातल्या एका सोसायटीत दुर्गापूजेच्या वर्गणीचा हिशोब ठेवणारा छोटा प्रोग्राम मुलांनीच लिहायला घेतला. तुमच्या मुलीने एका व्हेरिएबलला नाव दिलं 'टोटल'. तिच्या मनात होतं, लोकांनी कबूल केलेली वर्गणी: ४८,००० रुपये. तिच्या बंगाली मित्राने पुढचा भाग लिहिताना 'टोटल' म्हणजे हातात आलेले पैसे असं धरलं. ते प्रत्यक्षात होते ३१,५००. प्रोग्राम बिनबोभाट चालला, कुठे लाल अक्षरं आली नाहीत, आणि मंडपवाल्याला नसलेल्या १६,५०० रुपयांच्या भरवशावर होकार गेला. दोघांपैकी कोणाचंही गणित चुकलेलं नाही. 'कबूल_वर्गणी' आणि 'जमा_वर्गणी' अशी दोन नावं असती तर हा घोळ झालाच नसता.

हे छोटं उदाहरण झालं. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नाहीसं झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने दिलेले आकडे ब्रिटिश मोजमापात होते, आणि ते वापरणाऱ्यांनी ते मेट्रिक धरले. फरक जवळपास साडेचार पटींचा. दोष एकट्या नावाचा नव्हता, तपासणीतही गोष्टी सुटल्या होत्या. पण मोजमापाचं एकक नावातच लिहावं, नुसतं 'वजन' न म्हणता 'वजन_किलो' म्हणावं, असा आग्रह जुनेजाणते लोक का धरतात ते यावरून कळतं.

एके काळी मात्र हा प्रश्नच नव्हता, कारण नावंच नव्हती. त्याची गोष्ट कोलकात्यातलीच आहे. बरानगरला बी. टी. रोडवर प्रशांतचंद्र महालनोबिस यांची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आहे. तिथे १९५५-५६ च्या सुमारास ब्रिटनहून एचईसी-२एम नावाचं यंत्र आलं, आपल्या देशातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर. त्याची स्मृती म्हणजे एक फिरतं चुंबकीय पिंप, त्यात १०२४ जागा. आज तुमच्या फोनमधल्या एका फोटोलासुद्धा ती पुरणार नाही. त्या जागांना नावं नव्हती, फक्त क्रमांक. कुठल्या क्रमांकात काय ठेवलंय हे माणसाने कागदावर टिपून ठेवायचं. तो कागद हरवला तर काय होत असेल, याची कल्पना करूनच माझ्या पोटात गोळा येतो.

मग १९५७ मध्ये आयबीएमची फोरट्रान ही भाषा आली आणि नावं देता येऊ लागली, तीही जास्तीत जास्त सहा अक्षरांची. शिवाय एक मजेशीर नियम होता. नाव आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू झालं की त्यात पूर्णांकच असणार, असं यंत्र आपोआप धरायचं. म्हणजे पहिल्या अक्षरावरून जात ओळखायची! आपल्याकडेही नावाच्या शेपटावरून काय काय कळतं बघा. 'कर' लागलं की गाव आठवतं. बंगाल्यांकडे नावापुढे 'दा' लागलं की मोठा भाऊ, 'दी' लागलं की मोठी बहीण.

आज सहा अक्षरांची अट राहिली नाही. लांबी मोकळी झाली, तसा प्रश्न आला तो एकवाक्यतेचा. नावात मोकळी जागा सोडता येत नाही, मग दोन शब्द जोडायचे कसे? पायथनवाले मधे खाली आडवी रेघ देतात. जावावाले रेघ न देता दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करतात. उंटाच्या मदारीसारखं ते मधेच वर येतं, म्हणून त्याला कॅमल केस म्हणतात, आणि रेघवाल्याला स्नेक केस. पायथनचे असे लेखनसंकेत २००१ पासून पेप-८ या नावाने लिहून ठेवलेले आहेत. त्यात एक बारकावा आहे: एकट्या छोट्या 'एल'चं किंवा मोठ्या 'ओ'चं नाव ठेवू नका, कारण काही टाइपांमध्ये ती अक्षरं एक आणि शून्य या आकड्यांसारखीच दिसतात. आणि त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे, सर्वसाधारण नियम पाळण्यापेक्षा आपल्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांनी सारखं लिहिणं जास्त महत्त्वाचं, असंही तिथे सांगितलंय. मला विचाराल तर उंट की साप या वादात वेळ घालवूच नये. एक निवडा आणि पुढे चला.

खरी मजा आहे ती भाषेची. तुम्ही विचाराल, नावं मराठीत देता येतात का? येतात. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून 'बेरीज' हे देवनागरीतलं नाव बिनधास्त चालतं. घरी शिकताना जरूर द्यावं, मुलांना पटकन कळतं. कॅमल केस मात्र आपल्या लिपीत जमणारच नाही, कारण देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत! गो नावाच्या भाषेत तर याने पंचाईतच होते. तिथे फंक्शनचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तरच दुसऱ्या पॅकेजमधून ते वापरता येतं. आपलं मराठी नावाचं फंक्शन तिथे कायम उंबऱ्याच्या आतच.

आणि कोड सामायिक असला की आणखी एक खड्डा. बरेच जण भारतीय शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात. आता बंगाली मित्राने शाळेच्या प्रोग्राममध्ये 'शिक्षा' असं नाव दिलं तर त्याच्या मनात शिक्षण आहे, आणि मराठी मुलीला वाटेल छडी. इंटरनेट तुटल्यावर पुन्हा प्रयत्न करणाऱ्या फंक्शनला त्याने 'चेष्टा' म्हटलं तर ते बंगालीत अगदी बरोबर आहे, प्रयत्नालाच ते चेष्टा म्हणतात. आपण मात्र विचार करत बसू, थट्टा कोणाची चाललीय? वर्गणीला बंगालीत म्हणतात 'चांदा'. ते वाचून विदर्भातल्या आजोबांना चंद्रपूरचं जुनं नाव आठवेल. म्हणून गट मिश्र असेल तर सगळ्यांना येणारी भाषाच बरी, आणि ती बहुतेक वेळा साधी इंग्रजी असते. यात मातृभाषेचा अपमान वगैरे काही नाही. पाहुणे आले की आपण त्यांना कळेल असं बोलतोच ना?

घरातली भाषा वेगळी आणि बाहेरची वेगळी, हे बंगाली घरांनी नावांच्या बाबतीत फार छान सांभाळलंय. प्रत्येकाची दोन नावं. घरी हाक मारायचं ते डाकनाम, शाळेत-कचेरीत लावायचं ते भालोनाम. सत्यजित राय घरी माणिक, सौरव गांगुली घरी महाराज. आपल्याकडेही बाळ, बंडू, छकुली असतातच, आणि चाळीत 'बाळ्या' अशी हाक मारली की तिघे वळून बघतात. कोडमध्येही असंच. चार ओळींच्या फंक्शनच्या आत एखाद्या डब्याला 'आय' म्हटलं तरी चालतं, ते त्याचं डाकनाम. पण जे नाव सगळा गट वापरणार ते भालोनामच हवं: पूर्ण, स्पष्ट, एकमेव. लेखिका झुंपा लाहिरी यांचं भालोनाम नीलांजना सुदेष्णा. अमेरिकेतल्या शाळेत बाईंना झुंपा म्हणणं सोपं वाटलं आणि घरातलं नाव जगभर गेलं. माणसाच्या बाबतीत ते गोड वाटतं. कोडमध्ये मात्र आतलं 'टेम्प' असंच बाहेर निसटतं आणि मग वर्षानुवर्षं कोणालाच कळत नाही ते काय आहे.

'नंतर बदलू की नाव' असं मुलं म्हणतात. त्यांना कोलकाता दाखवावं. १ जानेवारी २००१ पासून शहराचं अधिकृत नाव कोलकाता झालं. पण हायकोर्ट अजून कलकत्ता हायकोर्ट, विद्यापीठ कलकत्ता विद्यापीठ, आणि विमानाच्या सामानावरच्या चिठ्ठीवर सीसीयू. पार्क स्ट्रीट कागदोपत्री मदर तेरेसा सरणी आहे, मेट्रोचं स्टेशन मात्र पार्क स्ट्रीटच. टॉलीगंज मेट्रो स्टेशनवर महानायक उत्तमकुमार यांचं नाव आहे, रिक्षावाल्याला टॉलीगंजच सांगा. आपण तरी कुठे वेगळे? बॉम्बे हायकोर्ट, आयआयटी बॉम्बे, बीओएम, आणि सीएसएमटीला 'व्हीटी' म्हणणारे काका.

कोडमध्ये एडिटर एका फटक्यात नाव सगळीकडे बदलून देतो, हे खरं. पण त्याचा हात आपल्या फायलींपुरताच पोहोचतो. डेटाबेसमधला रकाना, दुसऱ्या गटाने उचललेलं फंक्शन, मागच्या महिन्यात सेव्ह केलेली फाइल, यांना जुनंच नाव माहीत असतं. म्हणून जाणती माणसं जुनं नाव लगेच पुसत नाहीत. काही काळ दोन्ही चालू ठेवतात, जुन्यावर 'आता हे वापरू नका' अशी पाटी लावतात, आणि सगळे नव्याकडे आले की मगच ते काढतात.

तेव्हा मुलांचा प्रोजेक्ट सुरू होणार असेल तर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाची बैठक घालायला सांगा. फंक्शनचं नाव क्रियेवरून, जसं 'पावती_छापा'. व्हेरिएबलचं नाव वस्तूवरून. एका गोष्टीला एकच शब्द. एकाने 'सभासद' आणि दुसऱ्याने 'मेंबर' लिहायचं नाही. आणि प्रोजेक्ट देण्याआधी दुसऱ्या गटातल्या एखाद्या मैत्रिणीला तो वाचायला द्या, शेजारी गप्प बसून. ती जिथे थांबून 'हे काय गं?' म्हणेल, तिथलं नाव बदलायचं.