ठिपके, नावे आणि जाती : आफ्रिकेतील भूचर भुंगेऱ्यांच्या ओळखीचा प्रश्न

प्राण्यांच्या वर्गीकरणातील सर्वांत चिवट प्रश्न कोणता असे विचारल्यास, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन प्राण्यांना एक नाव द्यावयाचे की दोन, हाच तो प्रश्न होय, असे म्हणावे लागेल. आफ्रिका खंडातील भूचर भुंगेऱ्यांच्या अभ्यासात हा प्रश्न गेली अडीचशे वर्षे पुनःपुन्हा उपस्थित झालेला असून त्याची उत्तरेही वेळोवेळी बदललेली आहेत. ढालपंखी गणातील कॅराबिडी या कुलात हे भुंगेरे मोडतात. ते चपळ पायांचे असून बहुतेक जाती इतर कीटकांना खाऊन जगतात. त्यांचे वरचे पंख कठीण होऊन पाठीवर ढालीसारखे बसलेले असतात. वाळवंटातील आणि उंच पर्वतांवरील कित्येक जातींत त्याखालचे उडण्याचे पंख नाहीसेच झालेले आहेत. न उडणाऱ्या कीटकाचे जग लहान असते. वाळूचा एखादा पट्टा किंवा एखाद्या पर्वताचा माथा सोडून तो सहसा पलीकडे जात नाही. नव्या जाती निर्माण होण्यास ही परिस्थिती अनुकूल ठरते. परंतु दोन पट्ट्यांवरील भुंगेरे एकाच प्रकारच्या वाळूत, एकाच प्रकारचे आयुष्य कंठीत असल्यामुळे वरून सारखेच राहतात, आणि त्यांना वेगळे ओळखणे दुर्घट होऊन बसते.

कुल ओळखण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. मागील पायाचे बूड उदराच्या पहिल्या खंडाला मधोमध दुभागते आणि पुढील पायाच्या नळीवर शृंगिका निसवण्यासाठी एक खाच असते, एवढे पाहिले की बहुधा भागते. वंश ओळखणेही अनुभवी डोळ्याला जड जात नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

प्रारंभीच्या अभ्यासकांनी या अडचणीतून जो मार्ग काढला तो त्यांनी दिलेल्या नावांतच दिसतो. त्यांनी ठिपके मोजले. अँथिया या वंशातील भुंगेरे मोठे, काळे आणि बहुधा पांढऱ्या ठिपक्यांचे असतात. डेन्मार्कच्या फॅब्रिशियसने १७७५ मध्ये त्यांतील एका जातीला सहा ठिपक्यांवरून ‘सेक्सगटाटा’, म्हणजे ‘षड्बिंदुयुक्त’ असे नाव दिले. ही जाती भारतातील असून दख्खनच्या कोरड्या प्रदेशातही आढळते. तिचे दोन ठिपके वक्षाच्या पाठीवर आणि चार ढालपंखांवर असतात. याच फॅब्रिशियसने १७८७ मध्ये उत्तर आफ्रिकेतील दुसऱ्या एका जातीचे नाव ‘सेक्समॅक्युलाटा’ असे ठेवले. लॅटिन भाषेत ‘गुट्टा’ म्हणजे थेंब आणि ‘मॅक्युला’ म्हणजे डाग. तेव्हा सहा थेंबांची जाती एक आणि सहा डागांची दुसरी. नावे व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत, परंतु त्यांच्या अर्थावरून कोणालाही या दोहोंतील भेद सांगता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेतील ‘डेसेमगटाटम’ हे नाव दहा ठिपके सुचविते. प्रत्यक्षात त्या जातीच्या सर्व नमुन्यांत ठिपके दहाच भरतात असे नाही. नाव एकदा पडले की ते वर्णन राहत नाही, केवळ खूण होते. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटावयाचे कारण नाही. कीटकशास्त्रज्ञाला मात्र ही गोष्ट पदोपदी स्वतःला बजावावी लागते.

ठिपक्यांवर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. हे ठिपके रंगाचे नसतात. दाट बसलेल्या बारीक पांढऱ्या केसांच्या लवेने ते बनलेले असतात. वाळूत वावरताना ही लव झिजते. संग्रहालयाच्या पेटीत वर्षानुवर्षे हाताळला गेलेला नमुनाही ती गमावतो. परिणामी एखादा वृद्ध भुंगेरा आपले ठिपके हरवून निराळ्याच काळ्या जातीच्या रांगेत जाऊन बसण्याचा संभव असतो. नर-मादीतील भेद हे आणखी एक संकट. अँथियाच्या काही जातींत धिप्पाड नराचे जंभ अतोनात वाढतात आणि वक्षाची मागील कड लांब होते. त्याच जातीचा खुजा नर मात्र मादीसारखाच दिसतो. एका जातीतील असा मोठा फरक आणि दोन जातींमधील बारीक फरक यांची गल्लत होऊ न देणे, हेच या सर्व खटाटोपाचे सार आहे.

भाषाशास्त्रातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. मराठीत ‘चार’ हा शब्द संख्या दर्शवितो आणि ‘गुरांना चारणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूपही ‘चार’ असेच लिहिले जाते. लिपीत दोन्ही एकरूप असले तरी उच्चारात पहिला ‘च’ तालव्य आणि दुसरा दंत्य आहे, आणि या भेदाने अर्थ बदलतो. उलटपक्षी ‘अंत’ आणि ‘अंक’ यांतील अनुनासिके उच्चारात स्पष्ट भिन्न असूनही केवळ त्या भिन्नतेने मराठीत अर्थ पालटत नाही. भेद किती मोठा आहे यापेक्षा तो काय काम करतो हे ध्वनिविचारात महत्त्वाचे मानतात. एर्न्स्ट मायरने १९४२ मध्ये मांडलेली जातीची कल्पनाही याच वळणाची आहे. ज्या समूहांत निसर्गतः परस्पर संकर होऊन संतती चालू राहते ते एका जातीचे. जे प्रजननदृष्ट्या एकमेकांपासून तुटलेले ते भिन्न जातींचे, मग ते दिसावयास कितीही सारखे असोत. परंतु हे साम्य येथेच थांबते. भाषिकाला विचारून अर्थभेद ठरविता येतो. टाचणीवर लावलेल्या भुंगेऱ्याला काही विचारता येत नाही.

म्हणून अभ्यासकांनी अशा अवयवाचा शोध घेतला की ज्याचा प्रजननाशी प्रत्यक्ष संबंध आहे. नराचे मैथुनांग हा तो अवयव. मृत भुंगेरा गरम पाण्यात मऊ करून उदराच्या टोकातून हे कठीण, वक्र नलिकेसारखे अंग बाहेर काढतात, कॉस्टिक पोटॅशच्या द्रवाने त्याभोवतीचे मांस विरघळवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे टोक व आतील पिशवी तपासतात. वरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन नरांत या अंगाची घडण अनेकदा ठळकपणे निराळी आढळते. असे का व्हावे, यावर एकमत नाही. लेओं द्युफूरने १८४४ मध्ये सुचविलेली कुलूप-किल्लीची उपपत्ती सांगते की भिन्न जातींचा संकर या घडणीमुळेच टळतो. विल्यम एबरहार्डने १९८५ मध्ये तिच्याविरुद्ध लैंगिक निवडीचे कारण पुढे केले. कारण कोणतेही असो, ओळखीचे साधन म्हणून या अवयवाचे मोल दोन्ही पक्षांना मान्य आहे.

कॅराबिडी कुलात ही पद्धती रुजविण्याचे मोठे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ रने झानेल याला जाते. त्याने शार्ल आल्युओ याच्यासह १९११-१२ मध्ये पूर्व आफ्रिकेचा प्रवास करून तेथील उंच पर्वतांवरील कीटक गोळा केले. जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या ट्रेकिनी गटातील भुंगेऱ्यांवरचा त्याचा प्रबंध १९२६ ते १९३० या काळात प्रसिद्ध झाला. गवताळ पठारांतून बेटांसारख्या वर आलेल्या पर्वतांवर या पंखहीन भुंगेऱ्यांच्या बहुधा स्वतंत्र जाती आढळतात. त्या ठिपके मोजून हाती लागणे शक्यच नव्हते, कारण तेथे ठिपकेच नाहीत. डोळ्यांभोवतालचे दृढरोम, ढालपंखांच्या कडेच्या रोमांची मांडणी आणि मैथुनांग यांवरच सर्व भिस्त ठेवावी लागते.

ग्राफिप्टेरस या वंशाची हकीकत अधिक बोधप्रद आहे. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘लिहिलेल्या पंखांचा’ असा होतो. चपट्या, वाटोळ्या देहावर काळ्या-पांढऱ्या लवेची नक्षी असलेल्या या भुंगेऱ्यांना ते शोभते. यांतील ‘सेरेटर’, म्हणजे ‘करवत चालविणारा’, ही जाती पीटर फोर्स्कोलच्या टिपणांतून १७७५ मध्ये प्रसिद्ध झाली. फोर्स्कोल हा डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या मोहिमेतील निसर्गशास्त्रज्ञ. १७६१-६२ मध्ये तो ईजिप्तमध्ये होता आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने मरण पावला. त्याची टिपणे प्रसिद्ध केली ती मोहिमेतून एकट्याच जिवंत परतलेल्या कार्स्टन नीबूरने. हा नीबूर येमेनमधून मुंबईस आला, तेथे वर्षभराहून अधिक काळ राहिला आणि घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढून गेला. पुढे १७६५ मध्ये पर्सेपोलिस येथे त्याने केलेल्या कीलाकार लेखांच्या नकलांवरच १८०२ मध्ये ग्रोटेफेंडने त्या लिपीचा पहिला उलगडा केला. ज्या हाताने त्या अक्षरांतील खाच न् खाच जपली, त्याच हातून या भुंगेऱ्याचे वर्णन मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणे थोडक्या लॅटिन शब्दांत जगापुढे आले. मैथुनांग तपासण्याची पद्धती तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

त्या थोडक्या वर्णनात पुष्कळ भुंगेरे सामावू शकले. उत्तर आफ्रिकेपासून सिनाई आणि त्यापलीकडील वाळवंटी प्रदेशांत आढळणाऱ्या या समूहात दीर्घकाळ पाचच जाती मानल्या जात. इत्ताई रेनान, थॉर्स्टेन आसमान आणि अम्नोन फ्राइडबर्ग यांनी २०१८ मध्ये समूहाची फेरतपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा जातींची संख्या पंधरा भरली. पाचाचे पंधरा होणे हा केवळ हिशेबाचा खेळ नव्हे. एकच जाती विस्तीर्ण वाळवंटभर पसरलेली आहे असे मानल्यास एखादी टेकाडांची रांग वस्तीखाली गेली तरी चिंतेचे कारण दिसत नाही. त्या एका नावाखाली अनेक जाती असतील तर प्रत्येकीचे क्षेत्र तितके आकुंचित ठरते, आणि त्याच टेकाडांबरोबर एखादी जाती नामशेष होऊ शकते. तीही तिच्या स्वतंत्र अस्तित्वाची नोंद कोठे होण्यापूर्वी. जुन्या लेखांतील ‘सेरेटर’विषयीची विधानेही आता जशीच्या तशी घेता येत नाहीत. या गटातील अळ्या मुंग्यांच्या वसाहतींत वाढतात असे आढळले आहे. पण अभ्यासकाने पाहिलेली अळी पंधरांपैकी कोणत्या जातीची, हे नमुना जपून ठेवला असेल तरच ठरविता येईल.

सर्वांनाच इतक्या बारकाईची गरज असते असे मात्र नाही. कालाहारीतील हेलिओबोलस लुगुब्रिस या सरड्याची पिले काळी असून त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे असतात, आणि पाठीला बाक देऊन ती ताठ चालीने चालतात. फॉर्मिक आम्लाचा फवारा मारणाऱ्या अँथिया भुंगेऱ्यांची ही नक्कल आहे, असे ह्यूई व पियांका यांनी १९७७ मध्ये दाखविले. आफ्रिकान्स भाषेत या भुंगेऱ्यांना ‘ओखपिस्टर’, म्हणजे डोळ्यांत मुतणारा, असे रोखठोक नाव आहे. भक्षकाला वंशापुरती ओळख पुरेशी होते; जातीची चौकशी करावयास तो थांबत नाही.

२००३ पासून पॉल हेबर्टच्या सूचनेनुसार डीएनएच्या सुमारे साडेसहाशे अक्षरांच्या एका ठराविक तुकड्यावरून जाती ओळखण्याची पद्धती प्रचारात आली आहे. मादी, अळी किंवा तुटका पाय यांचीही ओळख त्यामुळे शक्य झाली, हा मोठाच लाभ होय. परंतु हा तुकडा केवळ मातेकडून येतो. पूर्वी कधी संकर झालेला असल्यास दोन भिन्न जातींत तो सारखाच सापडू शकतो. शिवाय हाती आलेला अक्षरक्रम कोणत्या नावाला जोडावयाचा, हे मूळ प्रमाण-नमुन्यावरच ठरते. त्यामुळे जुन्या पेट्या उघडणे काही टळलेले नाही. त्या पेट्यांत एकट्या माद्या पुष्कळ असतात. त्यांची ओळख बहुधा सापडल्याच्या ठिकाणावरून केली जाते, आणि मग त्याच नोंदींच्या आधारे जातीचे क्षेत्र आखले जाते. हा चक्रक दोष कित्येक नकाशांत बेमालूम लपलेला आहे. ज्या चिठ्ठीवर केवळ ‘ईजिप्त’ एवढेच लिहिले आहे, ती या कामी निरुपयोगी ठरते.